सांगितलेले वजन

“पेशंटचं वजन किती, बाई?” रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षातल्या माणसाने फोनवर विचारले आणि बाई म्हणाल्या, “एकशेचाळीस.”

आकडा तोंडातून निघून गेला आणि मगच तो त्यांना ऐकू आला. जणू शेजारच्या खोलीत कुणीतरी तो उच्चारला होता. पलीकडे कळा दाबल्याचा आवाज झाला. “मग साधी खुर्ची आणि चौघांची तुकडी पाठवतो,” तो माणूस अदबीने म्हणाला, “तासाभरात पोचतील. तुमच्याच हाताखाली शिकलेली पोरं आहेत, अगदी निर्धास्त राहा.” बाईंनी “बरं” म्हटले, फोन टेबलावर पालथा ठेवला आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. पाठीचा पट्टा सकाळपासून कमरेत रुतत होता. तो सैल करावा असे त्यांच्या मनात आले, पण तेवढे त्राण अंगात गोळा होईना. आतल्या खोलीत धाकटी बहीण खोकली. तिला सकाळी थंडी वाजून ताप भरला होता, डावा पाय गुडघ्यापर्यंत लालभडक होऊन तापला होता, आणि डॉक्टरांनी फोनवर नेहमीसारखा घोळ न घालता एवढेच म्हटले होते, की आजच दाखल करा, उद्यावर ढकलू नका. इमारतीला लिफ्ट नव्हती. घर तिसऱ्या मजल्यावर होते. धाकटीने जिना उतरल्याला किती काळ लोटला होता, याचा हिशेब बाईंनी मुद्दामच ठेवला नव्हता.

खरा आकडा एकशे अठ्ठ्याण्णव होता. गेल्या महिन्यात प्रशिक्षण केंद्रातला रुंद काटा त्यांनी टॅक्सीत घालून घरी आणला होता, कारण औषधाचे प्रमाण ठरवायला डॉक्टरांना वजन हवे होते. धाकटी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून काट्यावर चढली. आकडे थरथरत थरथरत स्थिर झाले, तेव्हा बाईंनी आपल्या चेहऱ्याला इस्पितळातली जुनी शिस्त लावली. “किती?” धाकटीने विचारले. “ठीक आहे,” बाई म्हणाल्या. धाकटीने पुन्हा विचारले नाही. ती कधीच पुन्हा विचारत नसे. आई गेली तेव्हा ती परकरातली पोर होती आणि बाईंनी तिला पदराखाली घेतले, तेव्हापासून ताईने एकदा सांगितले की संपले, हा त्या घराचा कायदा होता. कायदा चांगला चालला होता. निदान बाईंना तसे वाटत आले होते.

साधी खुर्ची एकशेसाठ किलोपर्यंतच. तिच्या डाव्या अंगाला पत्र्याची पट्टी असते आणि पट्टीवर तो आकडा ठोकलेला असतो. त्यापुढच्या वजनाला रुंद खुर्ची, सहा माणसे, बिछान्यावरून सरकवायला घसरती चादर, जमिनीवरून उठवायला हवेची गादी आणि मागे उतरती फळी असलेली मोठी गाडी. हे सगळे शहरातल्या प्रत्येक तुकडीला ज्यांनी शिकवले, त्या बाई आता टेबलाच्या कडेला लागलेला जुना डाग नखाने खरवडत उभ्या होत्या. प्रशिक्षण केंद्राच्या उंच छताच्या खोलीत त्या पहिल्याच दिवशी नव्या मुलांना उभे करीत आणि सांगत: आकडा विचारायचा. नातेवाइकांना नव्हे, पेशंटला. अंदाज करायचा नाही. भिडेपोटी दहा किलो कमी करणारा माणूस सभ्य नसतो, धोकादायक असतो, कारण ते दहा किलो जात कुठेच नाहीत, जिन्याच्या वळणावर तुमच्याच गुडघ्यावर येतात. मुले माना डोलवीत. पाण्याच्या पिशव्या भरलेला सरावाचा एक अजस्र पुतळा होता, त्याला मुले ‘मामा’ म्हणत. “मामा, दुपारचं जेवण जरा जास्त झालं का?” म्हणून एका लांबलचक पोराने एकदा त्याच्या पोटावर थाप मारली, आणि वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्या पोराला उचलयंत्राच्या झोळीत घातले, कळ दाबून जमिनीपासून कमरेइतके उंच नेले आणि तसाच लटकत ठेवून वर्ग पुढे चालवला. पाय अधांतरी, हनुवटी छातीला टेकलेली, वर्गातल्या सगळ्यांच्या नजरा खालून वर. खाली उतरला तेव्हा पोरगा गप्प होता. त्याला सगळे लंबू म्हणत. पुढे तो तुकडीचा प्रमुख झाला.

हे वेड बाईंना लागले त्याला कारण एक घड्याळदुरुस्तीवाला होता. तेव्हा त्या तरुण परिचारिका होत्या आणि जड माणूस हलवायचा म्हणजे चादर, सहा जण आणि ‘एक दोन तीन’ एवढेच शास्त्र होते. त्याला खाली उतरवताना जिन्याच्या वळणावर चादरीचे एक टोक सुटले. तो माणूस पायऱ्यांवर आपटला, फार लागले नाही, आणि तसाच पडल्या पडल्या, चष्मा शोधत, मऊ आवाजात म्हणाला, “माफ करा हं, सिस्टर. मीच जड.” त्या दिवशी बाईंच्या पाठीत जी कळ आली ती कायमची राहिली, पण कळेपेक्षा ते ‘माफ करा’ अधिक खोल रुतले. यंत्रे आली, परदेशी पुस्तके आली, वरिष्ठांशी भांडणे झाली, केंद्र उभे राहिले, आणि बाईंचा असा समज होता की त्या सगळ्याच्या मुळाशी एका अनोळखी माणसाची माफी आहे. आज पहिल्यांदा त्यांना शंका आली. माफीने नव्हे, त्या दृश्याने त्या हादरल्या असतील का? इतका मोठा माणूस उघड्यावर, सगळ्यांच्या देखत. कुणी पाहायला नको होते, एवढेच त्यांना वाटले असेल का?

“ताई,” आतून हाक आली. “कोण कोण येणारे?”

बाई आत गेल्या. पडदे नेहमीसारखे ओढलेले होते. खोलीत तापाचा आणि मलमाचा वास कोंदला होता. धाकटी उशांच्या उतरणीला टेकून बसली होती. आडवे झाले की तिला दम लागे. चेहरा मात्र अजून कोवळा होता, शाळेतल्या फोटोतला असावा तसा. त्याच्याभोवती बाकीचे शरीर एखाद्या लांबच्या नातेवाइकाने मुक्कामाला यावे आणि जायचे नाव घेऊ नये तसे येऊन बसले होते. बाईंनी तिच्या कपाळावर हात ठेवला.

“आपलीच पोरं आहेत. चौघं.”

“चौघं पुरतील?”

“पुरतील.”

धाकटीने त्यांच्याकडे पाहिले. मग पायावरच्या चादरीकडे पाहिले. “चहा तरी टाक त्यांच्यासाठी,” ती म्हणाली. “तीन मजले चढून यायचं म्हणजे.”

बाई स्वयंपाकघरात आल्या, दार लोटले, पाणी ठेवले. येताना टेबलावरचा फोन उचलला होता. एक कळ दाबायची आणि म्हणायचे, मघाशी चुकले, मोठी गाडी पाठवा. नियंत्रण कक्षातला तो अदबशीर माणूस काही विचारणार नाही. पण ऐकणाऱ्या माणसाचे गप्प राहणे बाईंना पाठ होते. ‘बाईंच्याच घरात?’ असे गप्प राहणे. दुपारपर्यंत ते केंद्रात पोचेल, संध्याकाळपर्यंत त्याला पाय फुटतील. आणि मग त्या स्वतःशी हिशेब मांडू लागल्या, की बनवणारे लोक पट्टीवर आकडा ठोकताना काही राखून ठोकतात, लोखंड एका किलोने मोडत नाही, लंबू ताकदवान आहे, आणि जिना रुंद आहे. हा हिशेब त्यांना अक्षरन् अक्षर ओळखीचा वाटला. परीक्षेत ज्यांना त्यांनी नापास केले, ती मुले अशीच बोलत. पाण्याला तळाशी बुडबुडे धरले. बाईंनी फोन ओट्यावर ठेवला. पुन्हा उचलला. पुन्हा ठेवला.

शिंपिणीलाही त्या असेच सांगत. धाकटीला दुकानात नेणे बंद झाल्यापासून मापे त्याच नेत, आणि दुकानात दुसरे गिऱ्हाईक असले की आकडा जिभेवर आपोआप आखूड होई. कपडे काखेत काचत, शिवण उसवे. धाकटी हूं की चूं न करता ते घालत असे आणि दुपारी निवांतपणे उसवलेली शिवण हाताने पुन्हा घालत बसे. “शिंपीण कापड खाते मेली,” बाई म्हणत. “हो ना,” धाकटी म्हणे. त्या ‘हो ना’मध्ये काय होते, हे बाईंनी कधी पाहिले नाही. पाहायला वेळ कुठे होता? नोकरी होती, केंद्र होते, औषधे होती, आणि खालच्या रस्त्यावरची ती संध्याकाळ होती. भाजीची पिशवी घेऊन धाकटी चालली होती, दोन पावले मागून बाई येत होत्या, आणि कोपऱ्यावरच्या टवाळ पोरांनी तिच्या चालीची नक्कल केली. धाकटीने वळून पाहिले आणि ती चक्क हसली; म्हणाली, “अरे, हात जरा लांब ठेव, मग जमेल.” पोरेच ओशाळली. बाई मात्र ओशाळल्या नाहीत, पेटल्या. दुसऱ्या दिवसापासून भाजी घरपोच आली. पडदे आले. नातेवाइकांना ‘तिला जिना झेपत नाही’ हे उत्तर मिळू लागले, आणि हळूहळू ते खरेही झाले. हे सगळे त्यांनी प्रेमाने केले होते. त्याबद्दल त्यांच्या मनात कधी शंका नव्हती. मग आता फोन का करवत नव्हता, हे कळेना. पाणी उकळून आटत चालले होते.

घंटी वाजली.

लंबू दारातच वाकला, चौकटीच्या सवयीने. मागे तिघे, त्यांच्यात घडी केलेली खुर्ची. “नमस्कार, बाई. तुमचा जिना म्हणजे आमची परीक्षाच,” तो म्हणाला. “वळणावर कठडा आत आलाय. चढताना पाहून ठेवलाय.”

“चपला बाहेर,” बाई म्हणाल्या, कारण काहीतरी हुकूम द्यायला हवा होता.

तो आत गेला. त्याने आधी पडदा बाजूला सारला, उजेड घेतला, खोलीतल्या वाटेवरची तिपाई हलवली. सगळे शिकवल्याप्रमाणे. बाई दाराशी उभ्या होत्या. दोघांनी खुर्ची उघडली, खटका बसल्याचा आवाज झाला, आणि डावी बाजू नेमकी त्यांच्याकडे आली. पट्टीवरचा आकडा इतक्या लांबून चष्म्याशिवाय दिसणे शक्य नव्हते. त्यांना तो दिसला. आता बोलायला हवे होते. त्यांनी तोंड उघडले, आणि त्यांच्या लक्षात आले की आयुष्यभर वर्गावर्गातून घुमलेला त्यांचा आवाज कुठेतरी खाली, पट्ट्याच्या आत, अडकून पडला आहे.

लंबू पलंगाशी गुडघ्यावर बसला. त्याचे डोळे धाकटीच्या डोळ्यांच्या पातळीला आले. “मावशी,” तो म्हणाला, “पाय फार दुखतोय ना? आधी तुम्हांला काही विचारतो, मग काय काय करणार ते सांगतो. मधे कधीही थांबा म्हणालात की आम्ही थांबणार. मला तुमचं वजन सांगाल? जे असेल ते. गाडीला हवं असतं.”

“एकशे अठ्ठ्याण्णव,” धाकटी म्हणाली. “पण ते महिन्यापूर्वीचं. आता थोडं वरच धरा, पाय सुजलेत.”

लंबूने बाईंकडे पाहिले नाही. तिघांपैकी एकाची मान वळू लागली, तर लंबूने डोळ्यांनीच ती थांबवली. पेशंट बोलत असताना नातेवाइकाचे तोंड बघायचे नाही, हेही बाईंनीच शिकवले होते. पण त्या न पाहण्याची धार इतकी असते हे त्यांना ठाऊक नव्हते. “बरं झालं सांगितलंत, मावशी,” तो शांतपणे म्हणाला. “मग ही खुर्ची तुमच्या कामाची नाही. रुंद खुर्ची मागवतो. ती गाडी शहराच्या पलीकडच्या टोकाला आहे. दीड तास तरी लागेल. तोवर आमचा माणूस तुमचा ताप, श्वास बघत राहील. चालेल?”

“न चालून जाते कुठे मी,” धाकटी म्हणाली, आणि खुर्ची पुन्हा मिटणारा मुलगा स्वतःलाही नकळत हसला.

दीड तास. संसर्ग चढत असलेल्या पायाला दीड तास म्हणजे काय, हे बाईंना घरातल्या कुणाहीपेक्षा नीट कळत होते. लंबू बाहेरच्या खोलीत फोनवर हळू आवाजात बोलत होता. एक जण नाडी मोजून, रक्तदाब घेऊन दाराबाहेर जाऊन बसला. बहिणी दोघीच उरल्या. बाई पलंगाच्या कडेला टेकल्या आणि ओल्या फडक्याची घडी धाकटीच्या कपाळावर ठेवली.

“तुला कसा कळला आकडा?”

“काटा उचलायला तू वाकलीस तेव्हा अजून पेटलेला होता. मी डोळ्यांनी अधू नाही गं.” ती थोडा वेळ श्वास घेत राहिली. “तू काय सांगितलं होतंस त्यांना?”

खोटे बोलण्यासारखे काही उरले नव्हते. “एकशेचाळीस.”

धाकटीने डोळे मिटले. बाईंना वाटले तिला ग्लानी आली, त्यांनी मनगट धरले. मग त्यांना दिसले की तिचे पोट हलते आहे. ती हसत होती, आवाज न करता, दम पुरवून पुरवून. “एकशेचाळीस,” ती म्हणाली. “एकशेचाळीसला मी भाजी आणायला खाली जात होते, ताई. त्या पोरांना उत्तरं देत होते. ती तुला न्यायची होती होय इस्पितळात? तिला खुर्ची कशाला लागली असती?”

फडके गरम झाले होते, ते बाईंनी उलटले.

“मला वाटायचं, तू माझ्या पायांसाठी माझं खाली जाणं थांबवलंस,” धाकटी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बाईंना सोपे गेले असते, रागाला काय करायचे हे त्यांना येत होते. “मग एकदा लक्षात आलं, पायांचं काही नव्हतं. पण तू इतकी दमलेली यायचीस. म्हटलं, हिला तेवढीच एक काळजी कमी.”

“बोलू नकोस. दम लागतोय.”

“लागू दे. हा दीड तास आता त्या मुलांना सांग, उदाहरण म्हणून. तुझ्या वर्गात.”

बाईंनी मान हलवली. ती होकारार्थी होती की नुसतीच जड झाली होती, त्यांचे त्यांनाच कळले नाही. किती तरी वर्षे त्या उचलण्याचे शास्त्र शिकवीत होत्या. ओझे शरीराजवळ धरा, पाठ सरळ ठेवा, एकट्याने धाडस करू नका. आणि घरी एकट्याने, वाकड्या पाठीने, भलतेच काही उचलून उभ्या राहिल्या होत्या, जे उचला असे कुणी म्हटलेच नव्हते. आता ते खाली ठेवायचे म्हटले तर कुठे ठेवायचे असते, हे त्यांना माहीत नव्हते. डोळ्यांत पाणी येईल असे वाटले, आले नाही. फक्त झोप आली, लाज वाटावी इतकी. रस्त्यावरचा आवाज पडदा उघडल्यामुळे किती स्पष्ट आत येत होता.

मोठी गाडी आली तेव्हा ताप आणखी चढला होता. पण धाकटी शुद्धीत होती आणि प्रत्येकाला ‘तुझं काय काम?’ म्हणून विचारत होती. घसरती चादर अंगाखाली गेली, सहा जणांनी कडा धरल्या, लंबू तिलाच म्हणाला, “मावशी, एक दोन तीन तुम्ही म्हणा. तुमच्या तीनला आम्ही ओढतो.” तिने म्हटले. दोनवर जरा थांबून, सगळ्यांना ताटकळत ठेवून, मग तीन. रुंद खुर्ची तिच्याखाली न कुरकुरता बसली. पट्टे आवळले गेले. खुर्ची दारातून तिरपी करून बाहेर निघाली, तशा बाई सवयीने पुढे झाल्या. कठड्याच्या वळणावर उभे राहून हुकूम देणारे कुणीतरी हवे.

लंबूने हात आडवा धरला. “बाई, आज तुम्ही पेशंटच्या नातेवाईक.” तो अडखळला, मग त्याने वाक्य पुरे केलेच. “खुर्ची जिन्यात असताना नातेवाईक कुठे थांबतात?”

“वर,” बाई म्हणाल्या. “घरात. हाक येईपर्यंत.”

“पिशवी भरून ठेवा. मी स्वतः हाक मारतो.”

त्या दाराशी थांबल्या. त्यांना काहीच दिसत नव्हते. खुर्चीच्या मागच्या रबरी पट्ट्यांचा पायऱ्यांवरून घसरतानाचा जाड, ओला आवाज तेवढा येत होता, आणि मधून मधून लंबूचा: “एक पायरी. टेकली. मावशी, ठीक?” “ठीक.” “वळण. डावा माणूस आत. ठीक?” “ठीक.” मग दुसऱ्या मजल्यावर खुर्ची टेकली, हात बदलायला. आणि एक दार उघडल्याचा आवाज झाला. तिथल्या काकूंच्या जिभेला हाड नव्हते. याच काकूंपासून बाईंनी धाकटीला सगळ्यांत जास्त जपले होते.

“अगं बाई, तू?” काकू म्हणाल्या. “किती वर्षांनी. आणि हे काय, केवढी सुटलीस गं?”

बाईंच्या ओठांवर एक वाक्य पूर्ण तयार होऊन आले, धारेसकट. काकूंच्या कानशिलात बसेल असे. त्यांनी दाराची चौकट धरली.

“हो ना,” खालून धाकटीचा धापा टाकणारा, मोकळा आवाज आला. “एकशे अठ्ठ्याण्णव आणि वर. तुम्ही मात्र पार वाळलात हो, काकू. सून जेवायला घालते ना?”

“घालते कसली. जेवायच्या आधी तोंड वाजवते.” काकू हसल्या, मग त्यांचा आवाज उतरला. “बरं नाही का गं?”

“पाय बिघडलाय. दाखल व्हायला चाललेय.” मग जरा थांबून, “अहो, मुलांनो, घाई आहे का फार?”

“हात बदलेपर्यंत बोला, मावशी,” लंबू म्हणाला. “खुर्ची टेकलेली आहे.”

काकू गुडघ्यांविषयी सांगू लागल्या. धाकटी विचारू लागली, कोणता गुडघा, कधीपासून, चढताना की उतरताना. बाईंची पाठ ठणकत होती आणि घरातली बसायची खुर्ची दोन पावलांवर होती. पण आत जाऊन बसल्या असत्या तर खालचे बोलणे ऐकू आले नसते, म्हणून त्या तिथेच, चौकटीला टेकून, उभ्या राहिल्या.